बंद संचांतील नियंत्रण कार्डे किलोच्या भावाने विकू नयेत

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

महोदय,

गाळप हंगामात आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर ‘तांत्रिक बिघाडामुळे कारखान्याचे गाळप थांबले’ अशी दोन-चार ओळींची बातमी अधूनमधून येते. बिघाड नेमका कुठे झाला हे त्या बातमीत नसते, आणि वाचक बहुधा बॉयलरची नळी फुटली असेल किंवा मिलचा रोलर तुटला असेल असे धरून चालतो. अनेकदा तसे असतेही. मात्र गेल्या काही वर्षांत ज्या थांब्यांची कारणे मला जवळून पाहता आली, त्यांतील बऱ्याच ठिकाणी टर्बाइन आणि जनरेटर दोन्ही ठणठणीत होते. बिघडली होती ती टर्बाइनची गती सांभाळणाऱ्या गव्हर्नरमधली किंवा जनरेटरच्या व्होल्टेज नियंत्रकातली तळहाताएवढी एक पीसीबी (इलेक्ट्रॉनिक भाग बसवलेली पट्टी), जिला कारखान्यात सगळे नुसते ‘कार्ड’ म्हणतात, आणि ते कार्ड बनवणे मूळ कंपनीने केव्हाच बंद केलेले होते. मी औष्णिक वीज केंद्रात नियंत्रण व उपकरण विभागात नोकरी करून निवृत्त झालो असून सध्या खानदेशातील साखर कारखान्यांच्या काही सहवीज प्रकल्पांना (उसाच्या चोथ्यावर, म्हणजे बगॅसवर, वाफ व वीज तयार करणाऱ्या) सल्ला देतो. त्या अनुभवावरून मला एकच मागणी मांडायची आहे. निर्लेखित होणाऱ्या, म्हणजे वापरातून कायमच्या काढल्या जाणाऱ्या, टर्बाइन-जनरेटर संचांची नियंत्रण पॅनेले भंगाराच्या लिलावात वजनावर काढण्यापूर्वी त्यांतील कार्डे काढून, तपासून व नोंदवून ठेवणे बंधनकारक करावे, आणि ती यादी तीच प्रणाली चालवणाऱ्या इतर कारखान्यांना पाहता यावी.

हा प्रश्न उद्भवतो कसा, हे थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. टर्बाइनचा रोटर नीट सांभाळला तर तीस-चाळीस वर्षे सहज फिरतो. दीपनगरच्या भुसावळ औष्णिक वीज केंद्रातील २१० मेगावॉटचे दोन संच १९७९ आणि १९८२ साली सुरू झाले. पुढे तेथे ५०० मेगावॉटचे दोन संच उभे राहिले आणि आता ६६० मेगावॉटचाही आला. एवढ्या काळात इलेक्ट्रॉनिक्सच्या किती पिढ्या आल्या आणि गेल्या याचा हिशेब ठेवणेही कठीण आहे. चिप बनवणारे कारखाने मोबाइल, दूरचित्रवाणी संच आणि मोटारी यांच्या मागणीवर चालतात. वीज केंद्रांची मागणी त्यांच्या लेखी नगण्य असते, म्हणून एखादी चिप बाजारातून उठली की ते उत्पादन बंद करत असल्याची सूचना काढतात. शेवटची मागणी नोंदवायला साधारण सहा महिने मिळतात आणि माल उचलायला आणखी तेवढेच. टर्बाइनची नियंत्रण प्रणाली बनवणारी कंपनी त्या मुदतीत काही साठा करून ठेवते, तो संपेपर्यंत सुटे भाग देते, आणि नंतर ग्राहकाला ‘सदर उत्पादन बंद झाले आहे, नवीन प्रणालीचा विचार करावा’ असे दोन ओळींचे पत्र येते. ते पत्र खरेदी विभागाच्या फायलीत जाते. ज्याच्या पॅनेलमध्ये ते कार्ड बसलेले आहे त्या अभियंत्याला ते कित्येकदा कार्ड जळाल्यावरच पाहायला मिळते.

नावे घेऊन सांगायचे तर सीमेन्सच्या सिमॅटिक एस-५ या नियंत्रण प्रणालीची जागा १९९० च्या दशकातच एस-७ ने घेतली. जीई कंपनीच्या टर्बाइन नियंत्रणाच्या मार्क मालिकेत मार्क-५ नंतर मार्क-६ आणि २००४ मध्ये मार्क-६ई आली. कंपने मोजणाऱ्या बेंटली नेवाडाच्या ३३०० या रॅकची जागा ३५०० ने घेतली. युरोपात १ जुलै २००६ पासून शिसेयुक्त डाखणावर (सोल्डरवर) निर्बंध आले, तेव्हा अनेक उत्पादकांनी जुने भाग नव्या नियमांत बसवण्याच्या भानगडीत न पडता ते सरळ बंद करून टाकले. कंट्रोल रूममधील संगणकांची कथाही वेगळी नाही. विंडोज एक्सपीची अधिकृत देखभाल एप्रिल २०१४ मध्ये थांबली, तरी टर्बाइनचे चित्र दाखवणारा पडदा ज्या संगणकावर चालतो तो आजही कित्येक ठिकाणी एक्सपीवरच आहे, कारण त्यात बसवलेले संपर्क कार्ड नव्या संगणकाच्या खाचेत बसतच नाही.

त्यात आपल्या खानदेशचे हवामान. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो हे वाचकांना सांगायला नको. वीजपुरवठा करणाऱ्या प्रत्येक कार्डावर नळकांड्यासारखे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर असतात आणि तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य निम्म्यावर येते, असा या क्षेत्रातील सर्वमान्य ठोकताळा आहे. वीज केंद्रात पॅनेल रूमचे वातानुकूलन बारमाही चालू असते, पण साखर कारखान्यात हंगाम संपला की वीज वाचवण्यासाठी सर्वांत आधी तेच बंद होते. पॅनेले एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत बंद खोलीत उकडत राहतात, पावसाळ्यात दमट होतात, बगॅसची बारीक धूळ कनेक्टरवर बसते. वापराविना पडून राहिलेल्या कॅपॅसिटरच्या आतील ऑक्साइडचा थर क्षीण होतो आणि हंगामाच्या पहिल्या दिवशी एकदम पूर्ण व्होल्टेज दिले की तो दगा देतो. म्हणूनच गव्हर्नरची कार्डे जाण्याचे प्रकार बॉयलर पेटवण्याच्या आठवड्यात सर्वाधिक दिसतात. बंद काळात दर महिन्याला पॅनेलला काही तास वीज द्यावी, एवढी साधी गोष्टही फार थोड्या ठिकाणी पाळली जाते.

मोठ्या टर्बाइनच्या नियंत्रणात एक सोय असते, आणि तीच दुखणे लपवते. मार्क-५ सारख्या प्रणालीत तीन स्वतंत्र प्रक्रियक एकच मोजमाप घेतात आणि आपापसांत मतदान करतात. एकाचे उत्तर चुकले तर उरलेल्या दोघांचे ग्राह्य धरले जाते आणि संच चालू राहतो. पडद्यावर एक सूचना मात्र तेवत राहते. वास्तविक ती सूचना आली की बिघडलेले कार्ड लगेच बदलायचे असते. कार्डच मिळत नसेल तर ती सूचना तशीच राहते, पाळीवर येणारा प्रत्येक जण ती पाहून वहीत ‘पूर्ववत’ असे लिहितो, आणि काही महिन्यांनी ती कोणाला दिसेनाशी होते. अशा स्थितीत संच दोघांच्याच मतावर चालतो आणि आणखी एका चुकीला जागा उरत नाही. पुढचे एखादे कार्ड गेले की संच ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो, आणि ‘अचानक बिघाड’ अशी नोंद होते.

छोट्या सहवीज टर्बाइनला असे तीन पंच परवडत नाहीत. तेथे एकच गव्हर्नर असतो. गती मोजण्यासाठी शाफ्टवर बहुधा साठ दातांचे चक्र बसवलेले असते. प्रत्येक दात चुंबकीय पिकअपसमोरून जाताना एक ठोका देतो, त्यामुळे सेकंदाला जितके ठोके तितकेच मिनिटाला फेरे, असा सोपा हिशेब बसतो. ग्रिडचा ब्रेकर अचानक उघडला की टर्बाइनवरचा भार क्षणात नाहीसा होतो आणि वाफ आत येतच असते. गव्हर्नरने ती सेकंदाच्या काही अंशात रोखली नाही तर गती चढत जाते, आणि साधारण ११० टक्क्यांवर अतिगती संरक्षणाने यंत्र बंद करायचे असते. हे ठोके मोजणारे कार्ड जुने असण्याला माझी हरकत नाही, ते बनावट मात्र असता कामा नये. स्पेअरच्या टंचाईकडे नुसत्या खर्चाच्या दृष्टीने पाहणाऱ्यांनी ही बाजू विसरू नये.

आता अशी कार्डे मिळतात कोठून, याकडे येतो. मूळ कंपनीने हात वर केले की शोध सुरू होतो तो जुन्या मालाच्या व्यापाऱ्यांकडे. अमेरिका, युरोप, चीन आणि अलीकडे मुंबई-दिल्लीतही असे व्यापारी आहेत. ते बंद पडलेल्या कारखान्यांचा माल घेतात आणि ‘न वापरलेले’, ‘जादा साठ्यातील’, ‘दुरुस्त करून तपासलेले’ अशा वर्गवारीने विकतात. त्यांतील अनेक जण प्रामाणिक आहेत, चाचणीचा अहवाल आणि वर्षभराची हमी देतात. पण या बाजारात खोट्या मालाचा सुळसुळाटही तेवढाच आहे. अमेरिकी सिनेटच्या सशस्त्र सेवा समितीने मे २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चौकशी अहवालात संरक्षण सामग्रीच्या पुरवठा साखळीत संशयित बनावट इलेक्ट्रॉनिक भागांची सुमारे १८०० प्रकरणे आणि दहा लाखांहून अधिक सुटे भाग आढळल्याचे म्हटले होते. ज्यांच्याकडे प्रयोगशाळा, तपासनीस आणि पैसा यांची वानवा नाही त्यांची ही गत असेल, तर तालुक्याच्या ठिकाणच्या कारखान्याने फसगत टाळावी कशी?

तापीकाठच्या एका कारखान्यात असे एक कार्ड माझ्यासमोर उघडले गेले. व्यापाऱ्याने ते ‘न वापरलेले’ म्हणून पाठवले होते, वेष्टन नवे होते, कार्डाच्या कडेवरील चिकटपट्टीवर १९९८ साल होते. त्यावरील मुख्य चिपवर मात्र ०७२१ असा क्रमांक होता, म्हणजे २००७ सालचा एकविसावा आठवडा. अठ्ठ्याण्णव सालच्या कार्डावर दोन हजार सातची चिप असेल तर कोणीतरी ती मधे बदललेली असते, आणि मग ते कार्ड न वापरलेले कसे? कापसाचा बोळा ॲसिटोनमध्ये भिजवून चिपच्या पाठीवर चोळला तेव्हा बोळा काळा झाला आणि वरच्या छपाईखाली आणखी एक छपाई दिसली. कोपऱ्यातली पहिल्या पायाची खूण म्हणून असणारी बारीक वाटी अर्धी बुजलेली होती, कारण मूळ अक्षरे घासून टाकून वर काळा लेप दिलेला होता. खालची खरी चिप शून्य ते सत्तर अंश तापमानासाठीची साधी निघाली आणि वर उणे चाळीस ते पंचाऐंशी अंशांच्या औद्योगिक दर्जाचा क्रमांक छापलेला होता. असे कार्ड डिसेंबरात चालले असते. एप्रिलच्या दुपारी पॅनेलमध्ये त्याचे काय झाले असते, हे सांगायला ज्योतिषी नको.

खरे कार्ड मिळाले तरी काम संपत नाही. यादीत कार्डाचा क्रमांक लिहिताना शेवटची दोन-तीन अक्षरे गाळण्याची सवय आपल्याकडे फार आहे, आणि सुधारित आवृत्ती कोणती हे त्या अक्षरांतच असते. आवृत्ती चुकली तर कार्ड खाचेत बसते पण प्रणाली ते ओळखत नाही. पुढे छोट्या जंपरची (कार्डाची जुळणी ठरवणाऱ्या जोडपट्ट्यांची) मांडणी जुन्या कार्डाप्रमाणे हुबेहूब करावी लागते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ईप्रॉम: प्रोग्राम साठवलेली, पाठीवर काचेची खिडकी असलेली ती चिप बाहेरून येणाऱ्या कार्डावर बहुतेक वेळा नसतेच. जुन्या कार्डावरून ती काढून नव्यावर बसवावी लागते. आणि आमच्याकडे काय होते? बदल्यात जुने कार्ड परत केले तर किंमत कमी होते म्हणून जळालेले कार्ड ईप्रॉमसकट व्यापाऱ्याकडे रवाना होते, किंवा ते भांडारात उघडे पडून राहते, खिडकीवरची पट्टी सुटते आणि ऊन लागून आतला प्रोग्राम पुसट होत जातो. ईप्रॉममधील विद्युतभारही दशकांच्या कालावधीत हळूहळू झिरपतो, त्यामुळे प्रत्येक चिपची प्रत आत्ताच काढून ठेवणे हा या सगळ्या खटाटोपातला सर्वांत स्वस्त विमा आहे. ते करणारे यंत्र आज एखाद्या साध्या मोबाइलच्या किमतीत मिळते.

खरेदीच्या नियमांबद्दलही लिहिले पाहिजे, कारण निम्मी अडचण तेथे आहे. निविदेत ‘माल नवीन व मूळ उत्पादकाकडील असावा’ अशी ठरीव अट असते. मूळ उत्पादक निविदा भरत नाही, कारण तो ते बनवत नाही. प्रामाणिक व्यापारी भरत नाही, कारण त्याचा माल नवीन नाही आणि त्याला तसे खोटे लिहून द्यायचे नसते. उरतो तो, ज्याला काहीही लिहून द्यायला संकोच वाटत नाही. तीन निविदा आल्या नाहीत म्हणून प्रक्रिया पुन्हा राबवली जाते, दुसऱ्या वेळी न्यूनतम दर ज्याचा त्याला आदेश जातो, आणि लेप दिलेल्या चिपचे कार्ड कारखान्याच्या दारात येते. केंद्राच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतील नियम १६६ मध्ये एकाच पुरवठादाराकडून घेण्याची मुभा आहे आणि तिच्या कारणांत चालू यंत्रसामग्रीशी जुळणाऱ्या सुट्या भागांचाही समावेश आहे. पण प्रत्यक्षात ती मुभा आजही उत्पादन करणाऱ्या कंपनीच्या संदर्भातच वापरली जाते. बंद झालेल्या भागांसाठी ‘नवीन’ या अटीऐवजी ‘मूळ उत्पादनातील, तपासणी अहवालासह, अमुक महिन्यांच्या हमीसह’ अशी अट लिहिण्याचे धैर्य खरेदी अधिकाऱ्याला होत नाही, कारण लेखापरीक्षणात जुना माल का घेतला याचे उत्तर त्याच्या एकट्याच्या माथी येते. मी त्यांना दोष देत नाही. नियमात तशी ओळ असेल तर ते आनंदाने लिहितील.

हे सर्व चालू असताना दुसरीकडे तीच कार्डे भंगारात जात आहेत, आणि माझ्या पत्राचा मुद्दा तोच आहे. राज्यात जुने औष्णिक संच टप्प्याटप्प्याने सेवेतून निघत आहेत. दीपनगरचाच पहिला, साठीच्या दशकातला छोटा संच कधीच इतिहासजमा झाला. खानदेशात आणि शेजारच्या मराठवाड्यात सहकारी साखर कारखाने आजारी पडले, काही विकले गेले, काहींचे टर्बाइन जागच्या जागी गंजत आहे. सूतगिरण्यांची स्वतःची जनित्रे होती, त्यांचीही तीच गत. संच निर्लेखित झाला की लिलावासाठी जी यादी बनते त्यात तांबे किती टन, पोलाद किती टन, तेल किती लिटर याची बारकाईने नोंद असते, आणि नियंत्रण पॅनेले मात्र ‘विविध इलेक्ट्रिकल साहित्य, एक लॉट’ या एका ओळीत येतात. लॉट घेणारा पॅनेलचा पत्रा वेगळा करतो, तारांचे तांबे वेगळे करतो आणि कार्डांच्या कडांवर कनेक्टरसाठी जो सोन्याचा अतिशय पातळ मुलामा असतो त्या कडा कापून बाजूला काढतो. सोन्याची पारख असलेल्या आपल्या जळगावकरांना सांगायला हवे की तेवढ्या कडांत निघणारे सोने नाममात्र असते. तेच कार्ड शाबूत असते तर परदेशी व्यापाऱ्याने ते त्या सोन्याच्या कितीतरी पट किमतीला विकले असते, आणि आपल्याच जिल्ह्यातील एखाद्या कारखान्याने ते कदाचित विकत घेतले असते.

यावर करायची व्यवस्था फार मोठी नाही. संच निर्लेखित करण्याचा ठराव झाला की लिलावापूर्वी नियंत्रण अभियंत्यांच्या एका छोट्या पथकाने पॅनेले उघडावीत. प्रत्येक कार्डाचे बसलेल्या जागीच छायाचित्र घ्यावे, म्हणजे खाच, जंपर आणि क्रमांकाची शेवटची अक्षरे सारे एकत्र नोंदले जाईल. कार्ड काढताना मनगटाला अर्थिंगचा पट्टा असावा. ठेवण्यासाठी स्थितिक विद्युत रोखणारी पिशवी वापरावी. साध्या प्लॅस्टिकमध्ये किंवा थर्माकोलमध्ये गुंडाळलेले कार्ड वरून सुरक्षित दिसते आणि आतून मेलेले असू शकते. प्रशिक्षणासाठी जुना रॅक कोठे चालू असेल तर त्यात घालून कार्ड चालते की नाही ते पाहावे आणि तसा शेरा लिहावा. थायरिस्टर (मोठा प्रवाह नियंत्रित करणारे अर्धवाहक), सर्व्हो व्हॉल्व्ह (वाफेची झडप हलवणारे), एलव्हीडीटी (झडपेची स्थिती मोजणारे), स्पीड पिकअप यांनाही हेच लागू करावे, कारण जनरेटरला चुंबकत्व देणाऱ्या एक्सायटेशन पॅनेलमधील जुने थायरिस्टर आज कार्डांइतकेच दुर्मीळ झाले आहेत. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांत दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांच्या नोंदणीची तरतूद आहे, म्हणजे कायदा आड येतो अशी सबब येथे टिकणार नाही. बंद होत जाणाऱ्या भागांचे व्यवस्थापन कसे करावे याचे आयईसी ६२४०२ हे आंतरराष्ट्रीय मानकही २००७ पासून अस्तित्वात असून २०१९ मध्ये ते सुधारले गेले आहे. आपल्याला चाक नव्याने शोधायचे नाही.

यादी ठेवायची कोणी, हा प्रश्न येईलच. साखर कारखान्यांपुरते बोलायचे तर साखर आयुक्तालय आणि मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट यांच्याकडे सर्व कारखान्यांच्या यंत्रसामग्रीशी संबंधित व्यवहार आणि तांत्रिक सल्ल्याचा अनुभव आहे. कोणत्या कारखान्यात कोणता गव्हर्नर, कोणता व्होल्टेज नियंत्रक आणि त्याची कोणती आवृत्ती आहे, एवढी माहिती त्यांनी मागवली तरी पुष्कळ काम होईल. शहादा, चोपडा, यावल, मुक्ताईनगर, चाळीसगाव या पट्ट्यात एकाच जातीचे गव्हर्नर चालवणारे शेजारी एकमेकांपासून तासा-दोन तासांच्या अंतरावर आहेत आणि एकाच्या भांडारात काय पडून आहे याचा दुसऱ्याला पत्ता नसतो. ऊस तोडल्यावर चोवीस तासांच्या आत गाळला गेला नाही तर उतारा घसरतो. अशा वेळी शेजारच्या तालुक्यातून संध्याकाळपर्यंत येणारे कार्ड हे तीन आठवड्यांनी परदेशातून येणाऱ्या कार्डापेक्षा लाख मोलाचे आहे.

काही जण म्हणतील की जुन्यात कशाला जीव अडकवता, नवीन प्रणालीच बसवा. हा युक्तिवाद मला अर्धा मान्य आहे. दहा-पंधरा मेगावॉटच्या सहवीज टर्बाइनचा गव्हर्नर जुना झाला असेल तर दोन हंगामांमधल्या बंद काळात तो बदलणे हेच शहाणपणाचे आहे. त्यासाठी कार्डांच्या मागे धावण्यात जेवढा पैसा जातो त्यात नव्या गव्हर्नरचा बराचसा खर्च निघतो. मोठ्या संचाचे मात्र तसे नाही. तेथे हजारो संकेततारा, शेकडो संरक्षण तर्क आणि महिनाभराहून अधिक चालणारा शटडाऊन असतो. ज्या संचाचे आयुष्य आणखी पाच-सात वर्षे आहे त्यावर कोट्यवधी रुपये घालावेत का, हा हिशेब प्रत्येक ठिकाणी वेगळा निघतो. शिवाय आज बसवलेली प्रणालीही पंधरा-वीस वर्षांनी याच रांगेत उभी राहणार आहे, कारण तिच्या आतल्या चिपांचे आयुष्य तर आणखी आखूड झाले आहे. एक गोष्ट मात्र दोन्ही पर्यायांत करण्याजोगी आहे. एका संचाची प्रणाली बदलली की त्यातून निघालेली चालू कार्डे त्याच जातीच्या दुसऱ्या संचासाठी जपून ठेवावीत. हे काही ठिकाणी होते, पण ते एखाद्या हौशी अभियंत्याच्या कपाटात होते आणि तो निवृत्त झाला की कपाट रिकामे केले जाते.

दुरुस्तीबद्दल थोडे. बहुतेक कार्डे ज्या कारणाने बिघडतात ते कारण फार साधे असते: वाळलेला कॅपॅसिटर, चिकटलेला रिले, तडकलेला डाखणजोड. मुख्य चिप क्वचितच जाते. असे कार्ड हाताने दुरुस्त करणारी माणसे पूर्वी प्रत्येक तालुक्याला दूरदर्शन संच दुरुस्तीच्या दुकानांत भेटत. ती विद्या आता विरळ होत आहे, कारण घरातले उपकरण बिघडले की नवे घेतले जाते. तरीही भुसावळला ती पूर्णपणे मेलेली नाही. येथील रेल्वेच्या विद्युत इंजिन कारखान्यात याच स्वरूपाचा प्रश्न वर्षानुवर्षे हाताळला जातो. नव्वदच्या दशकात आलेल्या डब्ल्यूएजी-९ जातीच्या इंजिनांत जीटीओ थायरिस्टर होते, ते बाजारातून मागे पडले आणि रेल्वेने पुढे आयजीबीटी हे नवे अर्धवाहक तंत्र स्वीकारले. त्या स्थित्यंतरात हाताखालून माणसे तयार झाली. जळगावचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि शासकीय तंत्रनिकेतन यांनी अशा निवृत्त हातांना सोबत घेऊन कार्ड दुरुस्तीचे एक टेबल मांडले, तर विद्यार्थ्यांना खरे काम मिळेल आणि कारखान्यांना कुरिअरने मुंबई-पुण्याला पाठवण्याची वेळ येणार नाही. ईप्रॉमच्या प्रती काढण्याचे काम तर पहिल्याच वर्षी हाती घेता येईल.

राहता राहिला किमतीचा प्रश्न, आणि माझ्या मते सर्वांत चिवट तोच आहे. निर्लेखित कार्डाची पुस्तकी किंमत जवळपास शून्य असते आणि बाजारातली किंमत कधी कधी लाखांत. एका सार्वजनिक उपक्रमाने ते दुसऱ्या सहकारी कारखान्याला काय दराने द्यावे? पुस्तकी किमतीला दिले तर मेहेरबानीचा आरोप होईल, बाजारभावाने दिले तर घेणारा म्हणेल की मग व्यापारी काय वाईट, आणि दर ठरत नाही म्हणून ते न देता ठेवले तर ते पुढच्या लिलावात पुन्हा त्याच एका ओळीत जाईल. काढणे, तपासणे व साठवणे यांचा प्रत्यक्ष खर्च अधिक ठरावीक टक्केवारी असे सूत्र शासनाने एकदा परिपत्रकाने ठरवून दिले तर अधिकाऱ्यांना निर्धास्तपणे सही करता येईल. ऊर्जा आणि सहकार या दोन्ही विभागांना मिळून ते काढावे लागेल, कारण देणारा एका विभागाचा आणि घेणारा दुसऱ्याचा असतो. खानदेशातील लोकप्रतिनिधींनी येत्या अधिवेशनात हा विषय मांडावा, आणि तोपर्यंत ज्या कारखान्यांच्या आवारात बंद टर्बाइन उभे आहे त्यांच्या संचालक मंडळांनी लिलावाच्या यादीतील ‘विविध इलेक्ट्रिकल साहित्य’ ही ओळ मंजूर करण्यापूर्वी पॅनेल उघडून पाहण्याची सूचना आपल्या अभियंत्यांना द्यावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त नियंत्रण अभियंता
भुसावळ, जि. जळगाव